तोंडचे पाणी का पळते?

श्रोतेहो, आम्ही वैद्य नव्हे. कामगारांच्या आजारपणाच्या रजांचे अर्ज लिहिता लिहिता जे वाचले, जाणकारांना विचारले, तेवढेच येथे मांडतो.

लाळ फुकट मिळते, म्हणून तिची किंमत कळत नाही. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली अशा मोठ्या ग्रंथींच्या 3 जोड्या, शिवाय शेकडो बारीक ग्रंथी, मिळून रोज अर्धा ते दीड लिटर लाळ देतात. ती आटली की भाकरीचा घास उतरत नाही आणि दात किडतात.

हे आजार किती जणांना होतात? याला एकच उत्तर नाही, कारण प्रत्येक आजार आपला माणूस निवडून घेतो. गालगुंड मुलांना गाठते. 2017 साली सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस आली, तीत गालगुंडाची लस नव्हती. लाळेचा खडा बहुधा तिशी ते साठीच्या कमावत्या माणसाला होतो. 10 पैकी 8 खडे जबड्याखालच्या ग्रंथीत सापडतात, कारण तेथील लाळ दाट व नळी चढणीची. जेवायला बसताच सूज आणि कळ, ही त्याची खूण. श्योग्रेनच्या आजारात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच ग्रंथींवर उलटते. त्याच्या 10 रोग्यांत 9 स्त्रिया, बहुतेक मध्यम वयाच्या. गाठी मात्र विरळा. त्या बहुधा कानापुढे येतात व पुष्कळशा कर्करोगाच्या नसतात. तरीही डॉक्टरांना दाखवाव्यातच.

सर्वांत जास्त आढळते ते कोरडे तोंड, आणि तेही म्हातारपणी. पण दोष नुसत्या वयाचा नव्हे. रक्तदाबावरची, मनाच्या उदासीनतेवरची कित्येक औषधे लाळ आटवतात. ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्यांच्या ग्रंथी किरणोपचाराने सुकतात, ते वेगळेच.

धंदाही येथे आपली खूण ठेवतो. काच फुंकणाऱ्या कामगाराच्या नळीत कधी हवा उलटी शिरते आणि कानापुढची ग्रंथी फुगते.

शरीरात पाणी कमी पडले की लाळ साचते व जंतूंचे फावते. म्हणूनच 250 हून अधिक कामगारांच्या कारखान्यात उन्हाळ्यात थंड पाणी द्यावे, असे 1948 च्या कारखाने कायद्याने सांगितले. परंतु जिथे बायकांना धड संडास नाही, तिथे त्या माठाजवळ असूनही तहान मारतात. तेव्हा मागणीपत्रात पाण्याच्या कलमाखालीच संडासाचे कलम लिहा. एकाशिवाय दुसरे फुकट आहे.