भूल उतरतानाची घटका

लहान मुलाच्या किडलेल्या दाढांवर उपचार करण्यासाठी त्याला पूर्ण भूल द्यावी लागेल, असे दंतवैद्याने सांगितले की मूल भुलीत कसे जाईल, याचीच चिंता आईबापांना लागते. वस्तुतः तितकीच दक्षतेची घटका पुढे असते; ती म्हणजे भूल उतरण्याची. दाढ निघाली म्हणजे उपचार संपले, ही समजूत चुकीची आहे.

भुलीचा इतिहास दंतवैद्यकाशी निगडित आहे. अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य होरेस वेल्स यांनी १८४४ च्या डिसेंबरात हास्यवायू हुंगून स्वतःचीच दाढ काढवून घेतली. वेदनेवर असा विजय मिळाला. परंतु रुग्णाला सुखरूप शुद्धीवर आणण्याचे शास्त्र सिद्ध होण्यास पुढे दीर्घ काळ लागला. इंग्लंडने तर २००१ च्या अखेरीस पूर्ण भुलीखालील दंतोपचार रुग्णालयांपुरतेच मर्यादित केले.

सेव्होफ्लुरेनसारख्या वायूची भूल उतरताना दोन ते पाच वर्षांची काही मुले किंचाळतात, हातपाय झाडतात, प्रत्यक्ष आईलाही ओळखत नाहीत. बहुधा अर्ध्या तासात हा प्रकार आपोआप शमतो आणि मुलाला त्याची आठवणही राहत नाही. तेवढ्यावरून घाबरून दृष्ट काढण्याचे कारण नाही. मात्र वेदनेने वा प्राणवायू कमी पडल्यानेही मूल तळमळते. तो भेद जाणत्यानेच करावयाचा असतो.

रडणाऱ्या मुलापेक्षा निपचित पडलेल्या मुलाकडे अधिक लक्ष हवे. जीभ मागे पडून वा घशात रक्त साचून त्याचा श्वास अडू शकतो. म्हणून त्याला कुशीवर निजवावे, बोटाला प्राणवायुमापक लावलेला असावा आणि दुसरे कोणतेही काम नसलेली प्रशिक्षित व्यक्ती जवळ असावी. भूल व उपचार ही दोन्ही कामे एकट्या दंतवैद्याने सांभाळू नयेत, हा दंडक अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ व बालदंतवैद्यांच्या संघटनांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही आहे.

यापुढे घरचा प्रवास. पेडण्याहून वा काणकोणहून पणजीस आणलेले पेंगुळलेले मूल स्कूटरवर मध्ये बसवून परत नेणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय. मान पुढे कलली की श्वासमार्ग दबतो. मोटारीत चालकाखेरीज दुसरे वडीलधारे माणूस मुलाशेजारी असलेच पाहिजे. घरी आधी घोटघोट पाणी, मग कोमट पेज द्यावी. लाळेत लालसर झाक दिसली तर भय नाही. पण रक्त थांबेना, वांत्या होतच राहिल्या, श्वासाला घरघर लागली वा मूल उठवूनही उठेना, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

मुलाला घरी केव्हा सोडावे, हे घड्याळाने वा खाटांच्या टंचाईने ठरवू नये. त्याच्या प्रकृतीने ठरावे. सूचनांचा कागद घरच्या भाषेत पालकांच्या हाती पडावा. आणि भूल देण्यापूर्वीच ‘नंतर माझ्या मुलाजवळ कोण बसणार?’ असा प्रश्न पालकांनी निःसंकोचपणे विचारावा. तो त्यांचा अधिकार आहे.