पाचामुखी परमेश्वर, पण बर्फावर चौघेच!

गेल्या हिवाळ्यात टोराँटोला भाच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. बाहेर गुडघाभर बर्फ. घरात बसून करायचे काय? जेवणे आटोपली की भाचा दूरचित्रवाणी लावी आणि आम्ही मामाभाचे आइस हॉकीचा सामना पाहत बसू. आपली हॉकी ध्यानचंदांची. ही बर्फावरची हॉकी म्हणजे २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद रिंगणातली धुमश्चक्री! चेंडूऐवजी रबराची चकती. ती फटकारली की ताशी १०० मैलांच्या वेगानेही सुटते. दोन्ही बाजूंचे पाच-पाच गडी, एकेक गोलरक्षक, आणि या गर्दीत काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे सदरे घातलेले चौघे पंच. त्यांतले दंडाला नारिंगी पट्टी बांधलेले दोघे रेफरी आणि त्यांच्या मदतीला दोघे लाइन्समन.

एका गड्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायात काठी घातली. शिट्टी झाली आणि स्वारी दोन मिनिटांसाठी शिक्षेच्या कोठडीत जाऊन बसली. तेवढा वेळ त्याचा संघ एका गड्याने लंगडा. पुढे तासाभराने दुसऱ्याने अगदी तेच केले. पण शिट्टी काही वाजली नाही.

"अरे, मघाशी गुन्हा होता, मग आता का नाही?" मी विचारले.

भाचा हसून म्हणाला, "मामा, मघाशी पहिला डाव होता. आता तिसरा आहे, आणि दोघांचे गोल सारखे आहेत!"

मी थक्क झालो. मग कळले की नॅशनल हॉकी लीगच्या रसिकांची ही जुनी तक्रार आहे. सामना निकराला आला किंवा चषकाच्या अंतिम फेऱ्या सुरू झाल्या, की पंचांचा हात आखडतो. त्यामागचा विचार असा, की निकाल खेळाडूंनी लावावा, पंचाने नव्हे. ऐकायला हे बरे वाटते. पण शिट्टी न वाजवणे हाही निर्णयच ना? त्याचा फायदा ज्याने पायात काठी घातली त्याला, आणि तोटा जो पडला त्याला!

दुसरी तक्रार याहून गंभीर. एका संघाला शिक्षा झाली, की थोड्या वेळाने दुसऱ्यालाही एखादी द्यायची, म्हणजे तराजू सारखा झाला. असे घडते हे सगळे कुजबुजत. पुरावा कुणाजवळ नव्हता. तो मिळाला २३ मार्च २०२१ रोजी. नॅशव्हिल आणि डेट्रॉइट यांच्या सामन्यात नॅशव्हिलच्या व्हिक्टर आर्व्हिडसनला शिक्षा झाली. पाठोपाठ ध्वनिक्षेपकावर एका पंचाचे बोलणे घरोघर ऐकू आले. आशय असा, की तसे फारसे काही घडले नव्हते, पण नॅशव्हिलला लवकर एक शिक्षा द्यायची माझ्या मनात होती. पंच होते टिम पील. १३०० हून अधिक सामन्यांचा अनुभव असलेले. महिन्याभरात ते निवृत्त होणारच होते. दुसऱ्याच दिवशी लीगने जाहीर केले, की पील यापुढे आमच्या सामन्यात पंच म्हणून दिसणार नाहीत.

शिक्षा योग्यच झाली. पण ती कशाची? तसे वागण्याची, की ते ऐकू गेल्याची? एका माणसाला घरी पाठवले, पण ती रीत किती जणांची आहे याचा जाहीर हिशेब काही झाला नाही.

तरी पंचाची बाजूही ऐकली पाहिजे. १९५५ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या सामन्यात माँट्रिऑलच्या मोरीस रिशारने क्लिफ टॉम्पसन या लाइन्समनवर हात टाकला. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्बेल यांनी त्याला उरलेल्या हंगामापुरते बाद केले, तर माँट्रिऑलमध्ये दंगल उसळली. १९८८ साली न्यू जर्सीच्या प्रशिक्षकाने डॉन कोहार्स्की या पंचाला त्याच्या लठ्ठपणावरून शिवी दिली. प्रशिक्षकावरील बंदीला संघाने न्यायालयातून स्थगिती आणली, तेव्हा पुढच्या सामन्याला पंचांनी उभे राहायचेच नाकारले आणि स्थानिक हौशी पंचांना बोलावून वेळ मारून न्यावी लागली! पंचाची अब्रू राखली नाही तर शिट्टी हातात घेणार कोण?

मग चुकीचे काय करायचे? भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहतात. १९९३ चा विषय काढला की आजही त्यांचा आवाज चढतो. उपांत्य फेरीचा सहावा सामना, टोराँटो विरुद्ध लॉस एंजेलिस. जादा वेळेत वेन ग्रेट्स्कीची काठी डग गिल्मरच्या हनुवटीला लागली, रक्त आले. तेव्हा रेफरी एकच असे. केरी फ्रेझर यांनी ते पाहिले नव्हते. लाइन्समनना विचारले, त्यांनाही सांगता येईना. शिक्षा झाली नाही आणि लगेच ग्रेट्स्कीनेच विजयी गोल केला. सातवा सामनाही टोराँटोने गमावला. पुढे फ्रेझर यांनी ही चूक उघडपणे कबूल केली. शेजारी म्हणाले, "त्या माणसाबद्दल आता राग नाही. राग त्या रात्रीचा आहे."

२०१९ साली उलटे घडले. व्हेगासचा संघ सॅन होजेविरुद्ध सातव्या सामन्यात ३-० ने पुढे होता. जो पाव्हेल्स्की पडला, डोक्यातून रक्त आले, आणि पंचांनी व्हेगासच्या कोडी ईकिनला पाच मिनिटांची मोठी शिक्षा दिली. तेवढ्यात सॅन होजेने चार गोल केले आणि अखेर सामना ५-४ असा जिंकला. लीगने व्हेगासची माफी मागितली. त्या दोन्ही रेफरींना पुढच्या फेरीत नेमले नाही. मात्र एक गोष्ट चांगली झाली. त्याच वर्षी नियम आला, की अशी मोठी शिक्षा दिल्यावर पंचाने चित्रफीत पाहून ती कायम करावी किंवा कमी करावी. चूक एका माणसाची न ठरवता पद्धतीची मानली, तर त्यातून असे काहीतरी निघते. अमेरिकेची बास्केटबॉल लीग २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांचे निर्णय तपासून, कोणता चूक, कोणता बरोबर, हे छापून टाकते. तेवढ्याने त्या लीगचे पंच काही पळून गेले नाहीत.

हे सारे मी मोठ्या तावातावाने भाच्याला ऐकवले आणि मग एकदम गप्प झालो. कारण मीही पंचच आहे. बावीस वर्षे उत्तरपत्रिका तपासतो आहे. सकाळच्या गठ्ठ्याला माझा हात कडक असतो आणि रात्रीच्या गठ्ठ्याला सैल, हे मला ठाऊक आहे. एकदा एका निबंधाला फार कमी गुण दिल्याची रुखरुख लागली. पण तो गठ्ठा बांधून झाला होता. मग मी काय केले? पुढच्या निबंधाला हात सढळ सोडला! ज्याचे देणे होते तो कोरडाच राहिला आणि दान दुसऱ्याच्या पदरात पडले. टिम पीलने याहून निराळे काय केले?

२०११ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे. तेव्हा आमच्या अध्यापक-खोलीत मोठा गहजब झाला होता. 'आमच्यावर विश्वास नाही काय?' असे म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण तेव्हापासून प्रत्येक प्रश्नापुढे गुण का कापले ते मी दोन शब्दांत लिहू लागलो. लिहिताना कितीदा तरी हात थांबतो आणि कापलेला गुण परत द्यावा लागतो.

परत येण्याच्या आदल्या रात्री टोराँटो हरले. भाचा पंचांच्या नावाने बोटे मोडू लागला. मी म्हणालो, "चुकले असतील बिचारे. चुकू देत. पण उद्या सकाळी त्यांनी सांगावे, की चुकलो."

"मामा, पंच सांगत नसतात."

"सांगू लागतील," मी म्हटले, "आम्हीही पूर्वी सांगत नव्हतो."