गोळी कोण देणार?

दारू सोडलेल्या नवऱ्याला बायको रोज सकाळी डायसल्फिरामची गोळी देते. पाण्याचा पेला पुढे करते आणि तो गोळी गिळेपर्यंत जागची हलत नाही. ही गोळी घेऊन वर दारू प्यायली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या सुरू होतात. म्हणून डॉक्टर घरातल्या कुणाला तरी लक्ष ठेवायला सांगतात. आता व्यसन बायकोचंच असेल, तर पेला घेऊन कोण उभं राहणार?

उपचारानंतरच्या अभ्यासांत हाच पेच दिसतो, आणि थक्क व्हायला होतं. लग्न पुरुषाला बहुधा सावरतं. बाईला तेच लग्न, त्यातून नवरा पिणारा असला तर, पुन्हा बाटलीकडे ढकलू शकतं. पुरुषाचा पाय बरेचदा चारचौघांत, आनंदाच्या भरात घसरतो. ‘घे ना बे, एकानं काय होते!’ बाईचा घसरतो तो उदासीत, घरातल्या भांडणानंतर.

चारचौघांतला हा धोका वऱ्हाडात एका माणसानं फार आधी ओळखला होता. डेबूजीचे वडील झिंगराजी दारूपायी गेले. आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी आली, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला. पुढं डेबूजीनं स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून पाहुण्यांना गोडाचं जेवण घातलं. तेच आपले गाडगेबाबा. नुसता उपदेश करण्यापेक्षा त्यांनी प्रसंगातूनच दारू काढून टाकली, हे मला फार मोठं वाटतं.

बाईच्या वाट्याला शरीराचीही साथ कमी येते. दारू शरीरातल्या पाण्यात मिसळते आणि बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं. जठरात दारू मोडणारं विकरही तिच्यात कमी काम करतं. तेवढ्याच वजनाच्या पुरुषाइतकीच ती प्यायली, तरी तिच्या रक्तात दारू जास्त चढते. पहिल्या घोटापासून व्यसनापर्यंतचं अंतरही ती अनेकदा लवकर कापते.

आणि तरीही, उपचारापर्यंत पोहोचलेल्या बायका पुरुषांइतक्याच सावरतात. काही अभ्यासांत तर जास्तच! हे कळलं की पोहोचू न शकणाऱ्यांची जास्त हळहळ वाटते. 2019 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात 27.3 टक्के पुरुष दारू पितात, बायका 1.6 टक्के. पिणारी बाई एवढी विरळा, म्हणून तिच्याकडे बोटंही जास्त वळतात. ‘दवाखान्यात गेली तं लोक काय म्हणतील?’ या धाकानं ती घरातच झाकली जाते.

पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 मध्ये सुरू झालं. तिथं बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग यायला 2009 उजाडलं. अकोल्याहून पुणं चारशे किलोमीटरांहून लांब. मुलांना मागं ठेवून तिथं राहायला जायचं, तर आधी सासरी तोंड उघडून सांगावं लागतं, की मला पिण्याचं व्यसन आहे.