आकाशाला आपला पत्ता ठाऊक नाही

श्रावण सरत आलेला असतो. अंबड तालुक्यातल्या एखाद्या शिवारात कपाशी कमरेला लागलेली, शेजारच्या वावरात तूर, पलीकडे मोसंबीची बाग. शेतकरी बांधावर उभा राहतो, ई-पीक पाहणीचं ॲप उघडतो, पिकाचा फोटो काढतो आणि फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही सोय राज्यभर सुरू झाली. पूर्वी पीकपेरा तलाठी लिहायचे. आता सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद शेतकऱ्याला स्वतः करता येते.

पण बांधावर ना पाटी, ना दगडावर क्रमांक. मग आपण नेमके कुठे उभे आहोत, हे फोनला कळतं कसं?

उत्तर डोक्यावर आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक उपग्रह अखंड एकच हाक देत असतो : मी अमुक, मी इथे आहे, आत्ता इतके वाजले आहेत. ती हाक सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात बांधावर पोहोचते. निघाल्याच्या वेळेची पोहोचल्याच्या वेळेतून वजाबाकी करून फोन अंतर काढतो. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. फोनचं स्वतःचं घड्याळ साधं असतं, त्याची चूक पकडायला चौथा लागतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातल्या एका भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने हुकतं.

याहून नवलाची गोष्ट पुढे आहे. आइनस्टाइनने सांगितल्याप्रमाणे इतक्या उंचीवर, इतक्या वेगात काळच वेगळ्या गतीने चालतो. उपग्रहातली घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. हा फरक दुरुस्त केला नसता, तर अंतराच्या मोजणीत दररोज अकरा किलोमीटरच्या आसपास चूक साचत गेली असती. कपाशीच्या एका फोटोमागे सापेक्षतेचा सिद्धांत उभा आहे!

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. त्या उपग्रहाला शेतकऱ्याचं नाव ठाऊक नसतं. तो बांधावर उभा आहे, हेही ठाऊक नसतं. फोन उपग्रहाला काहीच कळवत नाही. तो फक्त ऐकतो. अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीवर घंटा वाजली, तर ती कुणाकुणाच्या कानावर गेली हे घंटेला कुठे कळतं? तसंच हे. 'वरून सगळं दिसतं' म्हणून आपण उगाच आभाळाकडे बोट दाखवतो. आपला ठावठिकाणा फुटतो तो खिशातून.

मोबाइलच्या टॉवरचं मात्र वेगळं आहे. त्याला आपण कुठे आहोत हे कळावंच लागतं, नाहीतर आलेला फोन वाजवायचा कुठे? अंबडहून एसटीने जालन्याला निघालात, तर खिशातला फोन वाटेत एका टॉवरचा हात सोडतो आणि दुसऱ्याचा धरतो. बोलणं मध्येच तुटतही नाही. ही ओळख पटते सिमच्या क्रमांकावरून आणि हँडसेटच्या पंधरा आकडी आयएमईआयवरून. कुणाचा कॉल, कधी, कोणत्या टॉवरवरून, याच्या नोंदी किमान दोन वर्षं जपण्याची अट डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांच्या परवान्यात आहे. सेवेसाठी ही माहिती लागते, आणि ती कुणाकडे आहे हे आपल्याला ठाऊक असतं.

फोनमधल्या ॲपचं तसं नाही. २०१३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 'ब्राइटेस्ट फ्लॅशलाइट' नावाच्या ॲपवर कारवाई केली. कोट्यवधी लोकांनी घेतलेलं हे ॲप एवढंच करायचं : फोनचा दिवा लावायचं. पण दिवा लावता लावता ते माणसाचं ठिकाण आणि फोनची ओळख जाहिरातवाल्यांना पोचवत होतं. अंधारात वाट दिसावी म्हणून लावलेल्या दिव्याने आपणच कुणाला तरी दिसत होतो.

अशा ओळखीसाठी फोनमध्ये एक खास जाहिरात-क्रमांक असतो. नाव नाही, गाव नाही, फक्त अंक आणि अक्षरं. ॲप उघडताच त्यातली जाहिरातीची छोटीशी जागा लिलावात निघते. क्रमांक, कधी ठिकाणही, बोली लावणाऱ्यांपुढे जातं आणि सेकंदाच्या अंशात सौदा होतो. मोंढ्यात बोली मालावर लागते. इथे बोली आपल्या नजरेवर लागते.

'नाव नाही ना, मग काय बिघडलं?' असं वाटेल. २०१३ मध्येच संशोधक इव्ह-अलेक्झांद्र द माँजॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा लाख लोकांच्या मोबाइल-नोंदी तपासल्या. पंधरा महिन्यांच्या, नावं काढून टाकलेल्या. अमुक वेळी अमुक टॉवरजवळ, असे फक्त चार ठिपके पुरले, आणि ९५ टक्के माणसं गर्दीतून वेगळी निघाली. पहाटे वावरात, दहाला तहसीलमध्ये, दुपारी दवाखान्यात, रात्री घरी. या चार ठिकाणी या चार वेळांना असणारं माणूस बहुधा एकच असतं. आपली वाट हेच आपलं नाव होऊन बसतं.

गावात कोण कुठे गेलं हे पारावरही कळतं. पण पारावर बसलेल्याला आपणही ओळखतो. त्याचीही खबर आपल्याकडे असते. शिवाय पार विसरतो. फोनमधल्या या पारावर बसलेल्यांची तोंडं आपल्याला दिसत नाहीत. मला अन्याय दिसतो तो इथे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमुखाने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षणाचा कायदा आला. त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. एक बाई फोनवरून डॉक्टरी सल्ला देणारं ॲप घेते. ॲप उपचारासाठी तिची माहिती मागतं आणि सोबत तिच्या फोनमधले सगळे संपर्कही मागतं. ती दोन्हींना हो म्हणते. तरी कायदा सांगतो की तिची संमती उपचारापुरतीच धरायची, कारण सल्ला द्यायला संपर्कांची गरज नाही. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याची तरतूदही त्यात आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे.

गरज काय, हाच प्रश्न आपणही प्रत्येक ॲपला विचारू शकतो. पीक पाहणीला ठिकाण लागतं; द्यावं, पण ॲप वापरत असतानापुरतंच. हवामान कळायला अंदाजे ठिकाण पुरतं, आणि नव्या फोनमध्ये तसा पर्याय असतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये, गोपनीयतेखाली जाहिरातींच्या पानावर, तो जाहिरात-क्रमांक पुसूनही टाकता येतो. आणि दिव्याच्या ॲपने ठिकाण मागितलं, तर एकदा नाही म्हणून पाहा. उजेड तेवढाच पडतो.