पिंजरे भरले, डोंगर ओस पडले

अस्वलाच्या पित्तात औषधी गुण आहे, हे आधी मान्य करायला हवे. चीनमध्ये तांग राजवटीत इ. स. ६५९ मध्ये सिद्ध झालेल्या औषधीग्रंथात त्याची नोंद आहे आणि ती निव्वळ भोळी समजूत नव्हती. या पित्तातले उर्सोडीऑक्सिकोलिक आम्ल यकृताच्या काही विकारांवर खरोखर गुण देते. आपल्याकडे औषधाच्या दुकानात त्याच्या गोळ्या सर्रास मिळतात. त्या गोळ्यांत मात्र अस्वलाचा अंशही नसतो. हे आम्ल कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत जपानी शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच बसवली आणि आज ते मुख्यतः कत्तलखान्यातून मिळणाऱ्या गुरांच्या पित्तापासून तयार होते. रुग्णाला बरे करण्यासाठी अस्वलाची गरज संपली, त्याला सत्तर वर्षे होत आली. तरीही चीनमध्ये हजारो अस्वले पित्तासाठी कोंडलेली आहेत. या पिंजऱ्यांच्या बाजूने केला जाणारा सर्वांत वजनदार युक्तिवाद वन्यजीवरक्षणाचाच आहे, म्हणून तो नीट तपासून पाहिला पाहिजे.

युक्तिवाद असा: शिकाऱ्याने मारलेले अस्वल एकदाच पित्ताशय देते, पिंजऱ्यातले वर्षानुवर्षे पित्त देते, तेव्हा पालन वाढले की माल स्वस्त होईल आणि रानातली शिकार आपोआप थांबेल. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर कोरियात जिवंत अस्वलाचे पित्त काढणे सुरू झाले, आणि तिथून ही पद्धत चीन, दक्षिण कोरिया आणि व्हिएतनाममध्ये पसरली. छातीवर चंद्रकोर असलेले आशियाई काळे अस्वल तिचे मुख्य भक्ष्य ठरले. चीनमध्ये पोटातून थेट पित्ताशयापर्यंत कायमचे छिद्र पाडून त्यातून रोज पित्त गळू देतात. जखम कधी भरूच द्यायची नाही, हे या धंद्याचे तंत्र. व्हिएतनाममध्ये अस्वलाला केटामाइनने गुंगी आणून, सोनोग्राफीच्या यंत्राने पित्ताशय शोधून, लांब सुईने पित्त ओढून घेत. जागेवर वळताही येऊ नये इतक्या अरुंद पिंजऱ्यांत गज चावून चावून अस्वलांचे दात तुटतात. एवढ्या यातनांच्या मोबदल्यात रानातली अस्वले वाचली असती, तर निदान वादाला जागा होती. ती वाचली नाहीत.

दक्षिण कोरियाचा अनुभव पाहा. १९८१ मध्ये सरकारनेच शेतकऱ्यांना अस्वले आयात करून पाळायला उत्तेजन दिले. १९८५ मध्ये आयात बंद झाली, पालन चालू राहिले. पिंजऱ्यांत हजाराहून अधिक अस्वले असतानाच जिरीसानच्या पर्वतराजीतली रानटी अस्वले बोटांवर मोजण्याइतकी उरली, आणि २००४ पासून रशियातून पिल्ले आणून तिथे ती पुन्हा वसवावी लागली. व्हिएतनाममध्ये २००५ च्या सुमारास पाळलेल्या अस्वलांची मोजदाद झाली तेव्हा आकडा चार हजारांच्या वर होता. यांतली बहुतेक पिंजऱ्यात जन्मलेली नव्हती, रानातून पकडून आणलेली होती. जे पालन रानावरचा भार हलका करणार होते, त्यानेच रान उपसले.

याचे कारण ग्राहकाच्या मनात आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ मध्ये चिनी ग्राहकांच्या पसंतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. रानटी अस्वलाच्या पित्तासाठी लोक पुष्कळ जास्त पैसे मोजायला तयार होते आणि पाळीव पित्तामुळे रानटी पित्ताची मागणी फारशी घटत नव्हती. प्रचलित किमतींना तर परिणाम शून्याजवळ किंवा उलटाही असू शकेल, असा त्यांचा निष्कर्ष होता. शिवाय कायदेशीर माल दुकानात दिसू लागला की पित्त वापरणे ही रीतसर गोष्ट बनते, नवा ग्राहक तयार होतो, आणि चोरीचा माल अधिकृत मालात मिसळायला वाट मिळते. वाळलेले पित्ताशय कोणत्या जातीच्या अस्वलाचे, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. अमेरिकी काळे अस्वल संख्येने भरपूर असूनही १९९२ मध्ये वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घातले गेले, ते याच सारखेपणामुळे. आणि ही हानी लवकर भरून येणारी नाही. मादी एका वेळी बहुधा एक-दोन पिल्ले देते आणि दोन-तीन वर्षे त्यांच्यात गुंतून पडते.

बंदी घातली तर धंदा भूमिगत होईल, हा आक्षेप खोटा नाही. व्हिएतनामने पित्त काढायला बंदी केली, पण अस्वल बाळगायला परवानगी ठेवली. त्या पळवाटेतून हनोईजवळच्या फुंग थुओंगसारख्या गावात घरोघरी अस्वले पिंजऱ्यात राहिली. तरीही चार हजारांचा आकडा पुढे काहीशेंवर आला, कारण कायद्याच्या जोडीला अभयारण्ये उभी राहिली आणि तिथल्या पारंपरिक वैद्यांच्या संघटनेनेच पित्त न देण्याचा शब्द दिला. परंपरेत बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये, या म्हणण्यालाही यातच उत्तर आहे. चीनमध्ये गुइझेनतांग ही पित्त विकणारी कंपनी २०१२ मध्ये शेअर बाजारात उतरू पाहत होती, तेव्हा संतापून उठले ते चिनी नागरिकच; पुढच्या वर्षी कंपनीला अर्ज मागे घ्यावा लागला. त्याच देशाच्या आरोग्य आयोगाने मार्च २०२० मध्ये कोविडच्या गंभीर रुग्णांसाठी अस्वलपित्त असलेले इंजेक्शन सुचवले, हे मात्र अक्षम्य वाटते. दक्षिण कोरियाच्या संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये कायदा करून २०२६ पासून अस्वलपालन आणि पित्त काढणे दोन्ही बंद ठरवले. पळवाट बुजवायची तर अशी दोन्हीकडून बुजवावी लागते.

भारतात असे पालन नाही, पण बाजार सरहद्द पाळत नाही. हिमालयातल्या काळ्या अस्वलाची पित्ताशयासाठी शिकार होते. मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर आणि बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यातले आपले अस्वल वेगळ्या जातीचे आहे. लांब नखांनी वारूळ फोडायचे आणि वरचे मधले दोन दात नसल्याने पडलेल्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, असा त्याचा रानातला शिरस्ता. पण पित्ताशय काढून वाळवल्यावर हा फरक उरत नाही. मोहाची फुले गळू लागली की पहाटे माणूस आणि अस्वल एकाच झाडाखाली येतात, माणसे जबर जखमी होतात, प्राणही जातात. अशा गावात अस्वलाबद्दल राग असणे स्वाभाविक आहे, आणि रागापोटी मेलेल्या अस्वलाच्या पित्ताशयाला गिऱ्हाईक मिळाले की त्या रागाला किंमत चिकटते. म्हणून जखमींना वेळेवर भरपाई देणे हेही शिकार रोखण्याचेच काम आहे. नुसता कायदा पुरत नाही, हे आपण आधीही पाहिले आहे: दारोदार अस्वल नाचवणाऱ्या कलंदर दरवेशांचा खेळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बेकायदा ठरला, पण रस्त्यावरून प्रत्यक्ष हटला तो २००९ च्या अखेरीस, त्या कुटुंबांना दुसरा रोजगार आणि मुलांना शाळा मिळाल्यावर. वनखात्याने आता आणखी एक गोष्ट करावी: अस्वल कोणत्याही कारणाने मेले तरी शवविच्छेदनात पित्ताशय जागेवर होते का, हे लिहावे आणि ते पंचांसमक्ष जाळल्याची नोंद ठेवावी.