खोडदच्या माळावरचे तीस कान

नाशिकहून पुण्याला वरचेवर जाणाऱ्या माणसाला संगमनेर, आळेफाटा, नारायणगाव ही नावे जपमाळेसारखी पाठ असतात. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे मांडीवर घेऊन, चंदनापुरीच्या घाटात खिडकीवर डोके आपटत मी या रस्त्यावरून किती वेळा गेलो असेन, त्याची गणती नाही. तेव्हा नाशिक-पुणे थेट रेल्वे व्हावी, या अर्जावर मी आनंदाने सही केली होती, यात नवल नाही.

आधी आखलेला मार्ग नारायणगावाजवळून जात होता. 2025 मध्ये रेल्वेमंत्र्यांनी सांगितले, की तिथल्या रेडिओ दुर्बिणीमुळे तो मार्ग घेता येत नाही. आता शिर्डीवरून वळसा. त्या दिवशी आमच्या घरी भांडण झाले. भांडण म्हणजे माझे आणि कन्येचे.

"तारे काय कुठे पळून जाणार आहेत?" मी म्हणालो. "गाडी मात्र माझ्या हयातीत यायला हवी!"

कन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, तुम्ही ती दुर्बीण एकदा पाहून तरी या. मला तिथेच काम करायचंय."

हे दुसरे वाक्य मला नवे होते. सॉफ्टवेअरच्या एका मोठ्या कंपनीचे नेमणूकपत्र तिच्या हाती होते. पगाराचा आकडा मी माझ्या सहकाऱ्यांना नको तितक्या वेळा सांगून झालो होतो. आणि ही मुलगी खोडदच्या माळावर जाणार म्हणते!

विज्ञानदिनाच्या निमित्ताने ती वेधशाळा लोकांना खुली करण्याचा प्रघात आहे. आम्ही बापलेक गेलो. नारायणगाव म्हणजे माझ्या लेखी तमाशाची पंढरी, विठाबाईंचे गाव. तिथून थोडे आत वळले, की द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोची शेते यांच्या मधोमध त्या प्रचंड थाळ्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात. दारातच मोबाईल बंद करायला सांगितले. लग्नाच्या मंडपातही मी तो कधी बंद केला नव्हता.

एकेका थाळीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30. त्यांतल्या 14 एका साधारण चौरस किलोमीटरच्या आत, आणि उरलेल्या 16 तीन दिशांना, इंग्रजी वाय अक्षरासारख्या, सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. एवढी मोठी वस्तू भरीव पत्र्याची केली असती, तर वाऱ्याने पाडली नसती तरी खर्चाने पाडली असती. ही अडचण सोडवली गोविंद स्वरूप यांनी आणि त्यांच्या जोडीच्या इंजिनिअरांनी. पोलादी नळ्यांच्या 16 वक्र कमानी छत्रीच्या काड्यांसारख्या मांडायच्या, त्यांच्यामध्ये पोलादी तारांचे दोर ताणून हवा तो खोलगट आकार आणायचा आणि त्यांवर बारीक तारेची जाळी बांधायची. तारेची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास.

"भोकांतून लहरी निसटून नाही जात?" मी विचारले. माझ्या मते हा फार बिनतोड प्रश्न होता.

कन्या हसली. लहरीची लांबी वीतभरापासून मीटर-दोन मीटरपर्यंत आणि भोक एक-दोन सेंटिमीटरचे. लहरीला ती जाळी आरशासारखी अखंड. वाऱ्याला मात्र वाट मोकळी. मला आमच्या आजोबांची बाज आठवली. चौकट लाकडाची, पण माणूस झोपतो तो ताणलेल्या सुंभावर!

गोविंद स्वरूप उत्तर प्रदेशातले, जन्म 1929 चा. अमेरिकेत स्टॅनफर्डला डॉक्टरेट मिळवून 1963 मध्ये ते होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. त्यांची पहिली दुर्बीण आमच्या मुंबईच्या वाटेवर, कल्याणला, 1965 मध्ये उभी राहिली. ऑस्ट्रेलियातून भेट आलेल्या, सहा-सहा फुटांच्या 32 जुन्या थाळ्या जोडून तिथे सूर्याचा अभ्यास सुरू झाला. इगतपुरी-कसारा करीत आपले किती नाशिककर कल्याणवरून गेले असतील, कोणाला पत्ताही नसेल. पुढे 1970 मध्ये उटीची दुर्बीण आली. तिच्यासाठी मुद्दाम अशी डोंगराची उतरण निवडली, की तिचा कल त्या जागेच्या अक्षांशाएवढा असावा. अशी बसवली, की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर होतो आणि एकाच अक्षावर फिरवून तारा तासन्‌तास नजरेत ठेवता येतो. दऱ्याडोंगरालाच यंत्राचा भाग करणारा हा इंजिनिअर मला तरी कवीचा सख्खा भाऊ वाटला. 2020 च्या सप्टेंबरात ते गेले. त्याच वर्षी विद्युत्‌ अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने खोडदच्या दुर्बिणीला मैलाच्या दगडाचा मान दिला. भारतात हा मान त्याआधी जगदीशचंद्र बोसांच्या बिनतारी प्रयोगांना आणि रामन यांच्या शोधाला मिळाला होता.

तीस थाळ्यांनी ऐकलेले काचेच्या तंतूंवरून मधल्या इमारतीत येते. तिथे खरी कसरत. एकच लहर एका थाळीला आधी पोचते, दुसरीला क्षणाच्या कितव्यातरी भागाने नंतर. प्रत्येकीला नेमकी तेवढी वाट पाहायला लावून सर्वांना एका तालात आणायचे, भजनी मंडळातले टाळ एकदम पडावेत तसे. मग त्या तीस थाळ्या मिळून 25 किलोमीटरच्या एका दुर्बिणीसारखे बारकावे टिपतात. ऐकायला येते काय? 2023 च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेले एक उदाहरण कन्येने सांगितले. हायड्रोजनची 21 सेंटिमीटरची लहर सुमारे 8.8 अब्ज वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघाली. विश्व प्रसरण पावता पावता ती ताणली गेली आणि खोडदला पोचली तेव्हा 48 सेंटिमीटरची झाली होती. मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेने भिंगासारखी तिची तीव्रता सुमारे तीसपट वाढवली, म्हणून ती सापडली.

बातमीत नाव खगोलशास्त्रज्ञांचे आले, आणि ते योग्यच. पण रिसीव्हर घडवणारा, त्यातला स्वतःचा खरखराट कमी करण्यात वर्षे घालणारा इंजिनिअर बातमीत नसतो. पुस्तकावर लेखकाचे नाव छापतात, खिळे जुळवणाऱ्याचे नाही; हे आम्हा मराठीच्या मास्तरांना वेगळे सांगायला नको.

खरखराटावरून आठवले. आमच्या जुन्या वाड्यात आजोबांचा रेडिओ होता. शेजारच्या काकूंनी मिक्सर लावला, की सातच्या बातम्या चिरडून जात आणि आजोबा खिडकीतून ओरडत, "वहिनी, दोन मिनिटं!" खोडदचे दुखणे नेमके हेच आहे. विजेच्या तारेवरची ठिणगी, मोटारीच्या इंजिनातली ठिणगी, मोबाईलचे मनोरे, या सगळ्यांपुढे ती अब्जावधी वर्षांची लहर म्हणजे जत्रेतली कुजबूज. पुण्याजवळची ही जागा निवडली तीच इथे मानवी गोंगाट कमी आणि भोवती डोंगरांचा आडोसा म्हणून. शेजारून विजेची रेल्वे जायची, म्हणजे वरची तार आणि गाडीचा दांडा यांच्यात ठिणग्या उडणार! नव्या यंत्रणेत असा खरखराट ओळखून बाजूला काढणारी साधने बसवली आहेत, पण गाळायचे तरी किती?

मी गप्प बसलो. माझी सही मात्र मी मागे घेतलेली नाही. रेल्वे हवीच, सिन्नरच्या कामगाराला, संगमनेरच्या विद्यार्थ्याला ती माझ्याहून अधिक हवी आहे. वळशाने त्यांचे नुकसान होते, हे दुर्बीण पाहिल्याने खोटे ठरत नाही. फक्त ठिणगीचे गणित समजल्यापासून मला पूर्वीसारखे ओरडता येत नाही.

कंपनीला होकार कळवण्याची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी रात्री सौभाग्यवतींनी विचारले, "तिथे पगार किती?" कन्येने आकडा सांगितला. निम्म्याहून कमी. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "नारायणगावाहून एस. टी. किती वाजता सुटते?"

कन्येने कंपनीला नकार कळवला आणि पुण्याच्या केंद्रात मुलाखत दिली. उत्तर अजून आलेले नाही. गेल्या पंधरवड्यात आम्ही दोघे पुण्याला निघालो होतो. आळेफाटा मागे पडला तशी तिने काही न बोलता माझ्या खिशातला मोबाईल काढला आणि बंद केला. एका मोबाईलने काय होणार, असे म्हणायला मी तोंड उघडले, आणि मला आजोबा खिडकीत दिसले.