संघनायक डॉक्टर आओ

खेळ हा पोट भरण्याचा धंदा होऊं शकतो, ही कल्पना दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां आपल्याकडे फारशी रुजलेली नव्हती. इंग्लंडांत फुटबॉल खेळणारा मनुष्य उघडपणें संघाचा पगारी नोकर असे. १९४७ सालीं तेथें आठवड्याला १२ पौंड ही त्याच्या वेतनाची कमाल मर्यादा होती. आपल्याकडील खेळाडूला वेतन मिळे तें रेल्वेच्या, पोलिसांच्या अथवा एखाद्या कारखान्याच्या चाकरीचें. औरंगाबाद ज्या निजामी संस्थानांत होतें, त्याच्या राजधानींतला नामांकित संघ पोलिसांचाच होता, आणि मुंबईचा रोव्हर्स चषक त्यानें १९५० ते १९५४ अशीं सलग पांच वर्षें जिंकला. परंतु ज्याला खेळापायीं मिळणारी चाकरी नको होती, त्यानें काय करावें?

तालिमेरेन आओ ह्यांचें नांव मराठी घरांतून क्वचितच ऐकूं येतें. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक फुटबॉल संघाचे ते नायक. त्यांचा जन्म १९१८ सालीं नागा टेकड्यांतील चांगकी गांवीं झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक. मुलानें वैद्यक शिकून आपल्या लोकांत परत यावें, ही त्यांची इच्छा. १९३५ सालीं ते विषमज्वरानें वारले, आणि ती इच्छा मुलाला आज्ञेसारखी झाली.

१९४२ सालीं आओ कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाले. काळ मोठा कठीण होता. त्याच वर्षाच्या अखेरीस शहरावर जपानी बॉम्ब पडले, पुढील वर्षीं बंगालचा दुष्काळ आला, आणि १९४४ सालीं तर त्यांच्या नागा मुलखांतच, कोहिम्यास, घनघोर लढाई झाली. अशा दिवसांत सकाळीं रुग्णालय व सायंकाळीं मैदान असा क्रम राखणें सोपें नव्हे. मोहन बागान संघांत ते १९४३ सालीं आले व मधल्या फळीचा आधार बनले. पुढें संघाचें नायकपणही त्यांच्याकडे आलें.

१९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनसमयीं राष्ट्रध्वज त्यांच्याच हातीं होता. (ह्याच ऑलिंपिकमध्यें गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं कुस्तींत सहावा क्रमांक मिळविला.) ३१ जुलै रोजीं इलफर्डच्या मैदानावर फ्रान्सशीं गांठ पडली. भारताचे बहुतेक गडी अनवाणी होते. दारिद्र्यामुळें त्यांना बूट मिळाले नाहींत, ही कथा लोकांना फार आवडते. पण ती अर्धीच खरी मानावी. संघांत कांहीं जणांच्या पायांत बूट होते, आणि इतरांनाही ते चालले असते. उघड्या पायाला चेंडू नीट कळतो, अशी ह्या खेळाडूंची लहानपणापासूनची संवय होती, व कोरड्या मैदानावर ती फायद्याचीच ठरे. फ्रान्सनें पहिला गोल केला. सारंगपाणि रामन् ह्यांनीं उत्तरार्धांत बरोबरी साधली. भारताला पेनल्टीचे दोन फटके मिळाले, आणि दोन्ही वायां गेले! अखेरच्या क्षणीं फ्रान्सनें दुसरा गोल करून सामना २-१ असा जिंकला. पराभव झाला खरा, परंतु इंग्रज प्रेक्षकांनीं ह्या पाहुण्यांचें मनापासून कौतुक केलें.

त्यानंतर लंडनच्या आर्सेनल संघानें आओ ह्यांना आपल्याकडे खेळण्याविषयीं विचारलें, असें सांगतात. तें खरें असल्यास त्यांच्यापुढील निवड सोपी नव्हती. ऑलिंपिकचें दार हौशी खेळाडूंनाच उघडें असे. वेतन स्वीकारलें कीं तें बंद. शिवाय वय तीस झालें होतें, परीक्षा उरली होती, आणि फुटबॉलपटूचे पाय कितीसे दिवस टिकणार? ते परत आले. १९५० सालीं एम. बी. बी. एस. झाले, कलकत्ता सोडून दिब्रुगडला गेले, व थोड्याच काळांत खेळही सुटला.

१९५२ सालीं हेलसिंकीच्या थंडींत भारतीय संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. अनवाणी खेळाची मर्यादा त्या दिवशीं सर्वांना पटली. तोंपर्यंत आओ रुग्णसेवेंत रमले होते. १९५३ सालीं ते कोहिम्यास गेले. नागालँड राज्य झाल्यावर तेथील आरोग्यखात्याचें संचालकपद त्यांनीं सांभाळलें व १९७८ सालीं ते निवृत्त झाले. १९९८ सालीं त्यांचें निधन झालें. २०१८ सालीं, जन्मशताब्दीनिमित्त, टपालखात्यानें त्यांच्या नांवाचें तिकीट काढलें.